भाचीला पत्र : धिस, दॅट आणि आपली पोरं

धरमपेठ, नागपूर
२० जून

चि. बेटा,
अनेक आशीर्वाद.

शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलची वाट बघता बघता अखेर रामटेक तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळेत शिक्षणसेवक म्हणून तुझी नेमणूक झाली, हे ऐकून फार बरं वाटलं. आपल्या विदर्भात उन्हापायी शाळा जूनच्या शेवटाकडे उघडतात, तेव्हा तयारीला तुझ्याकडे अजून थोडे दिवस आहेत. तू विचारलंस, पाचवीच्या पोरांना धिस, दॅट, दीज, दोज कसं शिकवू. आणि त्याच दमात लिहिलंस की तसं ते सोपंच आहे, एका तासात होईल, फक्त एखादा खेळ सुचव. मावशी म्हणून आशीर्वाद देऊन झाले. आता जुनी मास्तरीण म्हणून सांगते, एका तासात होत नाही. नागपुरात मिशनरी स्टीफन हिस्लॉपनं इंग्रजीची शाळा काढली ती १८४६ साली, आणि राज्यातल्या सगळ्या शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं ते २००० साली. आता पाचवीत येईपर्यंत पोरं चार वर्षं ‘धिस इज अ पेन’ म्हणत आलेली असतात. तरी दहावीच्या निबंधात ‘धिस बुक्स आर’ भेटतंच. घोकण्यात पोरं कमी पडलेली नाहीत. त्यांचं अडतं कुठे, ते कुणी थांबून बघत नाही.

बहुतेक शिक्षक फळ्यावर दोन रकाने आखतात, डावीकडे जवळचं आणि उजवीकडे दूरचं. रकाने बरोबर आहेत, पण त्यांनी काम होत नाही. जवळ-दूर आपल्या पोरांना आईच्या कडेवर असतानाच कळलेलं असतं. चांदोमामाला कुणी ‘हा’ म्हणत नाही. जपानी पोराला इथे थोडा विचार करावा लागत असेल, कारण त्याच्या भाषेत तीन आहेत: बोलणाऱ्याजवळचं ‘कोरे’, ऐकणाऱ्याजवळचं ‘सोरे’ आणि दोघांपासून लांबचं ‘आरे’. खुद्द इंग्रजीतही पूर्वी तिसरा ‘यॉन’ होता, तो आता जुन्या कवितांत आणि स्कॉटलंडकडच्या बोलीत उरला आहे. मराठी आणि आजची इंग्रजी, दोघीही दोनांवर भागवतात. तेव्हा जवळ-दूरवर तास घालवू नकोस. मराठीची वाट जिथे वेगळी होते तिथे घालव.

ती वेगळी होते ‘हे’पाशी. ‘हे झाड’ म्हटलं की झाड एक, ‘हे आंबे’ म्हटलं की आंबे अनेक. ‘ही मुलगी’ एक, ‘ही झाडं’ अनेक. ‘या वह्या’ अनेक, पण ‘या वर्गात’ म्हटलं की वर्ग एकच, कारण विभक्ती लागली की मराठी हा, ही, हे या सगळ्यांना एका ‘या’त कोंबते. नीट बघ, चौघांत एक ‘हा’च भरवशाचा, तो कायम एकवचनी. बाकी तिघं कधी एक, कधी अनेक. मराठी पोरगं नामाचं लिंग बघून हा-ही-हे निवडतं आणि ते त्याला कुणी न शिकवता येतं. इंग्रजीत लिंगाकडे बघायचंच नसतं, संख्या तेवढी बघायची. गाइडांमध्ये मात्र ‘धिस म्हणजे हा, ही, हे’ आणि खालच्याच ओळीत ‘दीज म्हणजे हे, ह्या, ही’ असं छापलेलं असतं. ते वाचून साधारण पोरगं पाठ करतं आणि हुशार पोरगं गोंधळतं, कारण त्याला दोन्ही ओळींत ‘ही’ आणि ‘हे’ दिसतात. असलं समीकरण तू फळ्यावर लिहू नकोस. पोरांना सांग, हे-ही-याकडे बघू नका, पुढच्या नामाकडे बघा आणि मोजा. टेबलावर एक संत्रं ठेव: ‘हे संत्रं’, धिस ऑरेंज. शेजारी दुसरं ठेव: ‘ही संत्री’, दीज ऑरेंजेस. मराठीत काय बदललं आणि इंग्रजीत काय बदललं, ते पोरांकडूनच काढून घे. मग ‘ही वही’ आणि ‘या वह्या’, मग ‘हा आंबा’ आणि ‘हे आंबे’. तास संपल्यावर संत्री वाटून टाक.

नागपूरकडे यात आणखी एक भर पडते. आपले पोट्टे घरी एक भाषा बोलतात आणि गल्लीत, बाजारात, क्रिकेट खेळताना हिंदी. बोलण्यातल्या हिंदीत ‘ये किताब’ आणि ‘ये किताबें’, ‘वो लडका’ आणि ‘वो लडके’. एक असो की दहा, ‘ये’ आणि ‘वो’ हलत नाहीत. ‘धिस बुक्स’चा उगम मला बऱ्याचदा तिथे दिसला आहे. तुझ्या रामटेककडे तर मध्य प्रदेशाची हद्द जवळ, तिथे हिंदी आणखी कानावर पडणार. उलट ‘थो पोट्टा’ आणि ‘थे पोट्टे’ म्हणणारं गावातलं पोरगं याबाबतीत सुखी आहे, त्याच्या बोलीत एकाला एक शब्द आणि अनेकांना दुसरा. त्याच्या ‘थो’ला हसू नकोस आणि वर्गालाही हसू देऊ नकोस. तिथूनच त्याला पुढे ने: थो पोट्टा, दॅट बॉय, थे पोट्टे, दोज बॉइज. शुद्ध मराठीचा आग्रह मराठीच्या तासाला धर. इंग्रजीच्या तासाला पोराच्या तोंडात जे आहे तेच भांडवल.

आदराचंही असंच. ‘हे माझे बाबा आहेत’चं इंग्रजी पोरगं ‘दीज आर माय फादर’ असं करतं आणि वर्ग खिदळतो. पण त्या पोराचं व्याकरण बघ की. ‘हे’ अनेकवचनी, ‘माझे’ अनेकवचनी, ‘आहेत’ अनेकवचनी. त्यानं मराठीतला मान इमानेइतबारे पलीकडे नेला. इंग्रजीत तो ठेवायला जागा नाही, याला तो काय करणार? तिथे मुख्याध्यापकही धिस आणि पहिलीतला शेंबडा पोरगाही धिस. आपल्याकडे तर बायकांचे अख्खे संसार या एका सर्वनामावर झाले. तुझी आजी नवऱ्याचं नाव कधी घेत नव्हती. दारात कुणी आलं की ‘हे घरी नाहीत’. दारातल्यालाही ‘हे’ कोण, ते विचारावं लागत नसे. याचं शब्दशः इंग्रजी करून पोरांना ऐकव, ‘दीज आर नॉट ॲट होम’. पोरं हसतील, पण या वेळी कुणा एकाला नाही. हसू ओसरलं की सांग: इंग्रजीत माणूस एक तर धिस, मग तो कितीही मोठा असो; मान द्यायचा तर मिस्टर, सर, मॅडम अशा शब्दांनी द्यायचा.

ओळख करून दिल्यावर पुढच्याच वाक्याला इंग्रजी रस्ता बदलते, हे सांगायला विसरू नकोस. ‘धिस इज माय फादर’, आणि लगेच ‘ही इज अ फार्मर’. इथे आपल्या पोरांना एक गमतीशीर त्रास होतो. इंग्रजी ‘ही’ पुरुषाचा आणि मराठी ‘ही’ बाईची. बापाला ‘ही’ म्हणताना लहान पोरांची जीभ खरंच अडखळते. आठवडाभरात सवय होते, त्याचा बाऊ करू नये. मोठा गोंधळ ‘तो’चा आहे. ‘तो बघ, तो माझा भाऊ, तो सातवीत आहे’ या मराठी वाक्यात पहिला ‘तो’ बोट दाखवतो, दुसरा ओळख करून देतो आणि तिसरा नुसता उल्लेख करतो. मराठीत तिन्ही कामांना एकच शब्द पुरतो. इंग्रजीत ओळख करून देताना ‘दॅट इज माय ब्रदर’ ठीक आहे, पण पुढे ‘दॅट इज इन सेव्हन्थ’ म्हटलं तर भावाची वस्तू झाली. माणसाला नुसतं धिस किंवा दॅट म्हणायचं ते ओळख पटवण्यापुरतं. त्यानंतर ही, शी, दे. नाहीतर जोडीला नाम घेऊन ‘दॅट बॉय’.

वस्तूंना हाच न्याय ‘इट’नं लागतो. ‘व्हॉट इज धिस?’ला ‘धिस इज अ पेन’ असं उत्तर वर्गावर्गांतून पिढ्यान्‌पिढ्या घोकवलं गेलं. त्याला चूक म्हणता येत नाही, पण कानाला ते परेडसारखं लागतं. एकदा बोट दाखवून झालं, कोणती वस्तू ते दोघांना कळलं, की इंग्रजी बोलणारा ‘इट’वर येतो: ‘इट इज अ पेन’. दोन असतील तर ‘दे आर पेन्स’. हे तू पहिल्या दिवसापासून स्वतः बोलत जा. नियम सांगू नकोस. पोरं शिक्षिकेचं बोलणं उचलतात, तिचे नियम वहीत ठेवतात.

आता तुझा खेळ. खडू तू हातात धर आणि डस्टर तिसऱ्या बाकावरच्या एखाद्या पोरीकडे दे. तू फळ्यापासून हलू नकोस. तिच्या हाताकडे बोट करून विचार, ‘व्हॉट इज दॅट?’ ती उठेल, डस्टर छातीशी धरेल आणि ठणठणीत आवाजात म्हणेल, ‘दॅट इज अ डस्टर.’ हमखास म्हणेल. डस्टर तिच्या हातात, खडूची भुकटी तिच्या गणवेशावर आणि तोंडात दॅट! तिला काही बोलू नकोस. तोच प्रश्न मराठीतून टाक, ‘ते काय आहे गं?’ ती पटकन म्हणेल, ‘हे? हे डस्टर.’ आता वर्गाला विचार, मी ‘ते’ म्हटलं आणि हिनं ‘हे’ म्हटलं, मग चुकलं कोण? पोरं आधी एकमेकांकडे बघतील, मग कुणीतरी म्हणेल, ‘कोणीच नाही मॅडम, डस्टर तिच्याजवळ हाय नं.’ झालं. हे वाक्य पोराच्या तोंडून आलं पाहिजे, तुझ्या नाही. मग इंग्रजीतून पुन्हा विचार, ती आपणच ‘धिस’वर येईल. त्यानंतर डस्टर फिरव. मागच्या बाकावर, खिडकीत, दाराबाहेर व्हरांड्यात. एक पोरगं उठून डस्टरपाशी जाईल, त्याचं दॅट चालता चालता धिस होईल. वर्गातल्या बाकीच्यांचं दॅट दॅटच राहील. दोन डस्टर घेतलेस की दीज-दोजही यातच येतात.

वर्गाची सहल नागपूरला आणलीस तर सीताबर्डीजवळचा झिरो माईलचा दगड जरूर दाखव. त्यावर हैदराबाद, जबलपूर, छिंदवाडा, बैतूल अशा गावांची अंतरं कोरलेली आहेत आणि ती सगळी त्या एका जागेपासून मोजलेली. बोलताना प्रत्येकाचा झिरो माईल त्याच्या पायाखाली असतो आणि तो त्याच्याबरोबर चालतो. फळ्यावरच्या दोन रकान्यांत हे मावत नाही, कारण रकाने कुणाच्याच पायाखाली नसतात.

जागेसारखंच वेळेचं. आपली पोरं ‘टुडे मॉर्निंग’ म्हणतात, कारण मराठीत ‘आज सकाळी’. इंग्रजीत ‘धिस मॉर्निंग’. ‘हल्ली’ म्हणजे ‘दीज डेज’, त्याच्या आधी ‘इन’ लागत नाही. ‘त्या काळी’ म्हणजे ‘इन दोज डेज’, तिथे ‘इन’ लागतो. का, असं कुणी विचारलं तर रिवाज म्हणून सांग आणि पुढे चल.

आणखी एक चूक तुला रोज भेटेल: ‘धिस माय फ्रेंड इज क्लेव्हर’. मराठीत ‘ही माझी मैत्रीण हुशार आहे’ अगदी सरळ वाक्य. इंग्रजीत धिस आणि माय एका नामासमोर शेजारी बसत नाहीत, एकानं उठायचं. ‘माय फ्रेंड इज क्लेव्हर’ म्हण, किंवा फारच बोट दाखवायचं असेल तर ‘धिस फ्रेंड ऑफ माइन’. पाचवीत पहिलं पुरे. पण ‘धिस माय ब्रदर’ एवढंच लिहून पूर्णविराम देणारं पोरगं दिसलं, तर त्याचा आजार निराळा आहे. मराठीत ‘हा माझा भाऊ’ म्हटलं की वाक्य पुरं होतं, ‘आहे’ नसलं तरी चालतं. त्याचं धिस बरोबर आहे, क्रियापद तेवढं राहिलं. दोन्ही चुका वरून सारख्या दिसतात, म्हणून लाल पेन फिरवण्याआधी पोराला विचार की तुला मराठीत काय म्हणायचं होतं. असं विचारायला फार वेळ जातो, हे मला ठाऊक आहे. तरी विचार.

उच्चाराकडे बहुतेक जण बघतच नाहीत. धिसमधली ‘इ’ तोकडी आणि शेवटी ‘स’. दीजमधली ‘ई’ लांब आणि शेवटी ‘जरा’तला ‘ज’, ‘जेवणा’तला नव्हे. आपल्या मराठीत हे दोन्ही ‘ज’ आहेत, म्हणून आपल्या पोरांना हा आवाज लवकर सापडतो. पण कुणी दाखवावा लागतो. पोराला दोन शब्द कानाला एकसारखे लागत असतील तर ते लिहितानाही एकाच्या जागी दुसरा लिहिणार.

शाळेत गेल्या गेल्या बोनाफाईडचे कागद तुझ्यापुढे येतील. ‘धिस इज टू सर्टिफाय दॅट’ अशी त्यांची सुरुवात. मोठ्या वर्गातल्या कुणा पोराला तो कागद देताना ही ओळ वाचून दाखव. यातलं धिस म्हणजे त्याच्या हातातला तो कागदच. आणि दॅट? ते बोट दाखवणारं नाही, ते आपलं ‘की’. बोट दाखवणारं दॅट जोर देऊन म्हणतात, ‘की’वालं अर्धं गिळून, ‘दट’सारखं. सातवी-आठवीत गेल्यावर ‘जो अभ्यास करतो तो पास होतो’चं ‘हू स्टडीज दॅट पासेस’ होताना दिसेल. मराठीची जो-तोची जोडी इंग्रजीत आणता येत नाही. ‘दोज हू स्टडी, पास’ असं एकाच बाजूनं बांधावं लागतं. ‘द समर ऑफ नागपूर इज हॉटर दॅन दॅट ऑफ पुणे’ यातलं दॅटही तेव्हाच घे, पाचवीत नको. आपण मराठीत ‘नागपूरचा उन्हाळा पुण्यापेक्षा कडक’ म्हणून मोकळे होतो, उन्हाळ्याची तुलना गावाशी झाली याचं कुणाला काही वाटत नाही. इंग्रजीला वाटतं.

फोनवर स्वतःची ओळख देताना ‘आय ॲम’ न म्हणता ‘धिस इज’ म्हणायचं, हेही मोठ्या पोरांना सांगून ठेव. पुढे नोकरीच्या फोनला उपयोगी पडतं.

संज्ञांचं ओझं पोरांवर टाकू नकोस, पण तुला त्या पक्क्या हव्यात. ‘धिस इज माय बुक’मध्ये धिस एकटं उभं आहे, म्हणून सर्वनाम. ‘धिस बुक इज माइन’मध्ये ते नामाला चिकटलं, म्हणून विशेषण. मराठीत दर्शक सर्वनाम आणि दर्शक विशेषण हीच वाटणी आहे. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचं ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ १८३६ साली निघालं तेव्हा इंग्रजी व्याकरणाचा नमुना त्यांच्यापुढे होता, म्हणून या दोन्ही विषयांतल्या संज्ञा अशा जोडीनं चालतात. जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठीही बहुधा तुझ्याच गळ्यात पडेल. मग दोन्ही धडे एकाच आठवड्यात घे. ‘हा आला’ आणि ‘हा मुलगा आला’ यांतला फरक आधी मराठीत होऊ दे.

एक गोष्ट व्याकरणाबाहेरची. वर्गात पोरांना ‘दॅट बॉय’, ‘धिस गर्ल’, ‘यू, लास्ट बेंच’ असं म्हणू नकोस. पहिल्या आठवड्यात सगळ्यांची नावं पाठ कर. आणि स्टाफरूममध्ये कुणी ‘ती पोरं’, ‘त्या वस्तीतली पोरं’ असं बोलायला लागलं तर त्यात सूर मिसळू नकोस. दोज चिल्ड्रन म्हटलं की ती पोरं आपल्यापासून किती लांब ठेवली आहेत, ते बोलणाऱ्याला नाही तरी पोरांना बरोबर कळतं.

पहिल्या घटक चाचणीत नुसत्या रिकाम्या जागा भरायला देऊ नकोस. चार शब्दांतला एक निवडायचा असेल तर न कळताही काही पोरं नुसत्या अंदाजानं पास होतात. प्रत्येकाला टेबलापाशी बोलाव, त्याच्या दप्तरातल्या वस्तूंबद्दल आणि तुझ्या टेबलावरच्या वस्तूंबद्दल चार वाक्यं बोलायला लाव आणि त्याला गुण दे. पोरं काय काय बोलली ते जसंच्या तसं, चुकांसकट, एका वहीत उतरवून ठेव आणि दिवाळीच्या सुट्टीत ती वही घेऊन ये.

तुझी,
मावशी

ता. क. – मोजायला सांगितलंस की काही नामं दगा देतील, ती आधीच सांगून ठेव. आपली कात्री एक, पण इंग्रजीत ‘दीज सिझर्स’. चष्माही एक, पण ‘दीज स्पेक्टॅकल्स’. उलट डोक्यावरचे केस आपल्याला अनेक, इंग्रजीत ‘धिस हेअर’. बातम्या कितीही असोत, ‘धिस न्यूज’. आणि वर्गातले सगळे बाक-खुर्च्या मिळून ‘धिस फर्निचर’. ही यादी मोठ्या अक्षरांत लिहून पहिल्याच आठवड्यात भिंतीवर लावून टाक.